हाताला कळायला हवं

आजारपणानंतर बाबा पहिल्यांदाच गोल्फच्या सराव मैदानावर आले होते. मी त्यांच्यासाठी खास जाड डोक्याच्या नव्या काठ्या आणल्या होत्या. चेंडू कसाही लागला तरी त्या सांभाळून घेतात. बाबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"माझी ती जुनी ब्लेडवाली काठी काढ."

"अहो बाबा, त्या पातळ पात्यावर चेंडू जरा इकडेतिकडे लागला की हाताला केवढ्या झिणझिण्या येतात! भल्याभल्यांना झेपत नाही ते. आता कशाला हा हट्ट?"

"काढ म्हटलं ना."

पहिला चेंडू पात्याच्या कडेला लागला. दुसराही तसाच. तिसरा तर जमिनीवरून फरपटत गेला. शेजारचे लोक वळून बघायला लागले, तशी मी वैतागले. "मुद्दाम चुकवताय का तुम्ही?"

"हो."

त्यांनी डावा पंजा पँटवर घासला, उघडला, मिटला. "हाताला कधीतरी परत कळायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते ना."

"मग? आल्या का झिणझिण्या?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि काठी पुन्हा धरली. मी नव्या काठ्या बाजूला सारल्या आणि पुढचा चेंडू ठेवला, जरा चुकीच्या जागी.