सातवा नियम

कंपनीची फायरवॉल सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने या महिन्यात तिसऱ्यांदा बाहेरच्या एका कॉम्प्युटरला आत येऊ देणारा सातवा नियम काढला आणि मालकांनी तो तिसऱ्यांदा परत घातला. शेवटी तो तणतणत केबिनमध्ये शिरला.

“साहेब, सगळीकडे कुलपं लावायची आणि एक दार सताड उघडं ठेवायचं, तर मला नेमलंत कशाला? वहिनींच्या घरच्या कॉम्प्युटरला आता ऑफिसात कशाला यायचंय? त्या जाऊन वर्ष झालं!”

“तिचा कॉम्प्युटर मी अजून बंद केलेला नाही. रोज सकाळी दहाला तो आपणहून इथे जोडायला बघतो.”

“बघू दे की! फायरवॉल अडवेल त्याला.”

“तू नियम काढलास की अडवते ना. आणि लगेच मला मेसेज येतो. वर तिचं नाव, खाली ‘प्रवेश नाकारला’.”