मिटलेली प्रवाळं

सावेडीतल्या डॉक्टर कुलथ्यांच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीतली मऊ प्रवाळं आठवडाभर मिटून बसली होती. पाणी बदललं, दिवा मंद केला, तरी उमलेनात. शेवटी त्यांच्या बायकोनं, सुकन्यानं, टाकी विकलेल्या दुकानदाराला फोन लावला. "मॅडम, पाण्यात हात घालण्याआधी कुणी हाताला मलमबिलम लावतं का? त्यानंही प्रवाळं मिटतात." त्यानं विचारलं. टाकी डॉक्टरच साफ करायचे; सुकन्यानं त्यांना तेच विचारलं. त्यांनी उजवा हात पाठीमागं नेला. "मलम लावतो," ते म्हणाले. "दोन महिन्यांपासून बोटं बधिर होतायत. कधी हातात धरलेला ऑपरेशनचा चिमटाही जाणवत नाही." "आणि असल्या हातानं लोकांचे मोतीबिंदू काढताय?" उद्या सकाळी मिरजगावच्या मनकर्णाबाईंचं ऑपरेशन ठरलं होतं. सुकन्याला रडू फुटलं, तरी तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दवाखान्यात सांगितलं, "मनकर्णाबाईंना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवा. कारण विचारलं तर खरं सांगा, माझा हात चालत नाही."