साहेबांचा पाहुणचार

साहेब आले तेव्हा चाळीत औषधालासुद्धा माशी नव्हती.

डिलाईल रोडच्या त्या चाळीनं असा थाट कधी पाहिला नव्हता. उजाडल्यापासून बायकांनी गटार खरवडून काढलं होतं. नळाभोवती फिनेल ओतलं, चुना मारला, वर सुभद्रानं रांगोळी घातली. आणि मालन, जिची पोर राधा आत मुदतीच्या तापानं फणफणत होती, तीही सगळ्यांच्या बरोबरीनं खराटा मारत होती. पाहुणा यायचा म्हटलं की बाईचे हात आपोआप चालतात, त्याला काय करणार!

आता साहेब वाकून नळ बघत होते. नळाला स्वच्छ पाणी येत होतं. येणारच! पहाटेपासून सोडूनच ठेवला होता, काळं पाणी कधीच वाहून गेलं होतं. अरे देवा, हे काय करून बसलो आपण, हे मालनला आत्ता उमजलं.

भानगड साधी होती. नळाचा पाईप गटाराच्या पोटातून गेलेला, जागोजागी सडलेला. रोज आधी काळं पाणी यायचं, मग पिवळं, मग पांढरं. पांढरं आलं की चाळ हंडे भरायची. त्या पाण्यानं सुभद्राचं तान्हं पोर दिवाळीत गेलं. मग मालननं कुणाचं ऐकलं नाही. म्युनिसिपालिटीत खेटे घालून नवा पाईप मंजूर करून आणला. कंत्राटदार आला, खणलं, जुन्याच पाईपावर माती लोटली आणि वर नवा नळ बसवून चालता झाला. मेल्यानं नळ तेवढा चकचकीत आणला होता! मालननं पुन्हा आरडाओरडा केला, म्हणून आज म्युनिसिपालिटीच्या साहेबांची ही पाहणी. साहेबांनी काम पास केलं की संपलं. मग इकडे कुत्रंही फिरकणार नव्हतं. आणि राधा पुन्हा त्याच नळाला तोंड लावणार होती. म्हणजे, या तापातून उठली तर.

चाळ चकाचक करायचा हुकूम कमिटीच्या बाबुरावांचा. गिरणीतला जुना माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे जाऊन लाठ्या खाल्लेला. कुणाच्या दारात मयत झालं तर पहिला हजर. त्यांना वाईट म्हणायची सोय नव्हती. पण मागे कुणीसं त्यांच्या तोंडावर म्हणालं होतं, गटारात राहणाऱ्यांना म्हणे मुंबई पाहिजे! ते शब्द बाबुरावांच्या काळजात रुतून बसले होते.

"साहेब फोर्टातल्या बड्या लोकांत उठतो-बसतो," त्यांनी सकाळी बायकांना बजावलं. "उद्या तिकडे जाऊन काय सांगेल? मुंबई मागतो आपण, मुंबई! तक्रार तोंडानं सांगू. पण दारात घाण दिसता कामा नये."

तोंडानं सांगू म्हणाले खरे. पण साहेब कंबर सरळ करत म्हणाले, "वा! इतकी स्वच्छ चाळ मी गिरणगावात पाहिली नाही. पाणीही छान येतंय. काही तक्रार?" आणि बाबुरावांची छाती अशी काही फुगली, की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही साहेब. आपल्या कृपेनं सगळं ठीक आहे."

साहेबांबरोबर आलेल्या कंत्राटदारानं लगबगीनं खिशातलं पेन काढून सहीसाठी त्यांच्या पुढे धरलं.

"साहेब, पाईप जुनाच आहे हो!" मालन किंचाळली. "खणून बघा! माझी पोर..."

"गप रव गो मालन!" बाबुराव दरडावले. मग साहेबांकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "पोर आजारी आहे तिची. जिवाला घोर लागलाय, काहीबाही बोलते."

साहेबांनी मान हलवली. त्यांना बाईची खरंच दया आली असावी. ऊन चढलं होतं, रुमालानं मान पुसत ते म्हणाले, "आधी जरा पाणी मिळेल का प्यायला?"

त्याचीही तयारी होती. बाबुरावांनी लोअर परळला बहिणीकडे माणूस धाडून चांगल्या पाण्याची कळशी आणवली होती, ती त्यांच्या खोलीत झाकून ठेवली होती. "मालन, माझ्या खोलीतनं साहेबांना पाणी आण," ते म्हणाले. आवाज आता मऊ झाला होता. मालनला उगाच टाकून बोललो, असं त्यांना वाटलं असेल.

मालन निघाली. बाबुरावांच्या दारापर्यंत गेली आणि तशीच पुढे स्वतःच्या खोलीत शिरली. राधा कोपऱ्यात पडली होती, ओठ सुकून फुटलेले. मालननं हंड्यातलं पाणी पेल्यात घेतलं. काल नळाचं भरलेलं, तुरटी फिरवलेलं. दिसायला काचेसारखं. दारी आलेल्या माणसाला असलं पाणी द्यायचं?  पण मनात एकच होतं: पडू दे याला आजारी! साहेब आजारी पडला म्हणजे तरी खणतील मेले. आपल्या पोरांसाठी कोण खणतंय?

ती बाहेर आली ती स्वतःच्या दारातून. बाबुरावांनी ते पाहिलं. पेल्याकडे पाहिलं, मालनच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

साहेबांनी पेला घेतला. हसून "आभारी आहे, बाई" म्हणाले आणि तोंडाला लावला.

बाबुरावांनी झेप घेऊन हात मारला. पेला फरशीवर खणखणत गेला. साहेबांचा कोट भिजला. 

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब ओरडले.

बाबुराव हात जोडून उभे होते.  

"ते पिऊ नका, साहेब. ते आम्ही पितो."