बेकायदा

पुष्पलताने माउसवरचा हात उचलून मांडीवर घेतला. पडदा निळा झाला होता.

आतल्या खोलीतून झुंबरराव गाडे उठून आले. मशीन बंद पडायची महिन्यातली ही चौथी वेळ. तारापूरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. कारखान्याने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता, आणि अठ्ठ्याण्णव साली बोईसरमधल्या त्यांच्या इमारतीत तो एकच कॉम्प्युटर होता. पुष्पलता ही त्यांच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या गोदूबाईची मुलगी. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये तिला सरावाला आठवड्यातून जेमतेम तासभर मिळतो हे कळल्यावर त्यांच्या बायकोने, साखरबाईंनीच, तिला रविवारी घरी येऊन बसायला सांगितलं होतं.

झुंबररावांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटं चाललं आणि पडद्यावर इंग्रजी मजकुराची चौकट आली. त्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवत ती वाचली. या प्रोग्रामने बेकायदा कृती केली आहे, म्हणून तो बंद करण्यात येत आहे.

“बेकायदा,” ते म्हणाले. “काय केलंस तू?”

अर्ज टाइप करत होते, दुसरं काही नाही, असं ती म्हणाली. त्यांनी तिची फ्लॉपी काढून उलटीसुलटी करून पाहिली. आपण बसतो तेव्हा असं कधी होत नाही, हे तिला दोनदा सांगितलं. ते खरंही होतं. ते बसत दहा मिनिटं, एखादं पत्र टाइप करत आणि उठत.

तेवढ्यात गोदूबाई टोपली घेऊन जिना चढत आली. झुंबरराव दारात जाऊन बोलू लागले. मुलगी कुठल्या कुठल्या फ्लॉपी आणून घालते, मासळीचे हात तसेच मशीनला लावते, लोकांच्या वस्तूची किंमत नाही. आवाज चढला तशी शेजारची दारं उघडली. गोदूबाईने टोपली उचलली. मुलीला पुढे घालून ती जिना उतरली. घाईत पुष्पलताची वही टेबलावरच राहिली.

पुढच्या रविवारी झुंबररावांनी सोसायटीच्या सभासदांची यादी टाइप करायला घेतली. अर्ध्या तासाने पडदा निळा झाला. ती जाताना काहीतरी बिघडवून गेली, असं ते साखरबाईंना म्हणाले, आणि त्यांनी पालघरहून एकनाथला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

मशीन केव्हा बंद पडतं, असं एकनाथने विचारलं. झुंबररावांना नेमकं सांगता येईना. मग साखरबाईंनी ती वही आणून दिली. तिच्यात प्रत्येक रविवारची तारीख होती. किती वाजता बसले, काय करत होते, किती वाजता बंद पडलं. पडद्यावर आलेला इंग्रजी मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता. खाली लिहिलं होतं, ‘माझी चूक कोणती?’

एकनाथने दोनच पानं पाहिली. “प्रत्येक वेळी अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणजे तापतंय,” तो म्हणाला आणि त्याने डब्यावर हात ठेवला. डबा रेक्झिनच्या कव्हरमध्ये होता. कारखान्यांची धूळ बसू नये म्हणून झुंबररावांनी ते खास शिंप्याकडून शिवून घेतलं होतं. बटणापुरती पुढची झडप तेवढी उघडायची, बाकी कव्हर काढायचं नाही, असा त्यांचा घरात नियम होता. एकनाथने कव्हर उतरवलं. मागच्या पंख्याला हवाच मिळत नव्हती.

“अर्धं काम या वहीनेच केलं,” तो म्हणाला. “कुणाची आहे?”

झुंबररावांनी वही मिटून बाजूला ठेवली. मशीन पुढे दोन तास चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. एकनाथ गेल्यावर साखरबाई म्हणाल्या, “तुम्हीच जाऊन सांगा. मी नाही येणार.”

दुसऱ्या दिवशी वही घेऊन झुंबरराव एसटीने गोदूबाईच्या गावी, आलेवाडीला गेले. किनाऱ्यावर सात-आठ बायका जवळ्याची बारीक मासळी उन्हात पसरत होत्या. झुंबररावांना पाहून त्यांच्यातली पुष्पलता घाईने उठली. त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “काका, मी क्लासच्या सरांना विचारलं. माझं काय चुकलं ते त्यांना पन नाय सांगता आलं.” क्लासमध्येही ती आता मशीनला हात लावत नव्हती. दुसऱ्यांचं बघत बसायची.

झुंबररावांनी वही तिच्या हातात दिली. कव्हरचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं. चूक तुझी नव्हती, माझी होती, असं ते अगदी हळू म्हणाले.

गोदूबाई खाली बसून जवळा पसरत होती. तिने मान वर केली नाही.

“जरा मोठ्यानं बोला, भाऊ. त्या दिशी सगल्या बिल्डिंगनं ऐकलं.”

झुंबरराव बायकांकडे वळले. त्यांनी ते सगळं पुन्हा सांगितलं, आणि मोठ्याने सांगितलं. मासळीच्या हातांचं बोललो तेही चुकलं, असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. बायकांचे हात थांबले. पलीकडच्या टोकाला सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या नवसीला ऐकू कमी यायचं. काय म्हनतो हा मानूस, असं तिने विचारलं.

झुंबररावांनी तिसऱ्यांदा सांगायला श्वास घेतला. पण पुष्पलताच बोलली.

“काय नाय, आये. त्यांचं मशीन बरं झालं, ते सांगायला आलेत.”

“बरं झालं,” नवसी म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने त्यांना सावलीत जागा करून दिली.

झुंबररावांना तिथे बसवेना, आणि निघवेनाही.