डिम्पनाची भूमिका

“डिम्पना, आज तुझे हात इतके मऊ कसे गं?” म्हातारीने विचारले.

“लोणी काढत होते, आई,” मोया बहिणीच्या जाड आवाजात म्हणाली आणि डावा पाय ओढत चुलीकडे गेली. डिम्पना तशीच लंगडायची.

डिम्पनाला जाऊन बारा दिवस झाले होते. गॉलवे शहरातल्या इस्पितळात ती एकाएकी गेली. नव्वदीच्या आईचे डोळे केव्हाच गेले होते, आणि धक्का बसला तर तिचे हृदय तग धरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मग धाकटी मोया गावी आली. डब्लिनची रंगभूमी गाजवलेली, सिनेमात नाव काढलेली मोया. लंडनचे मोठे नाटक सोडून आले, असे तिने शेजाऱ्यांना सांगितले आणि बहिणीचा एप्रन बांधला.

चाळीस वर्षांत रंगमंचावर ती कधी घाबरली नव्हती. इथे रोज घाबरायची. समोर प्रेक्षक एकच, आणि चूक झाली तर त्याचा जीव जाणार. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कुणी भेटायला येऊ नका, म्हणून तिने घरोघरी जाऊन विनवले होते. गावाला ते फार जड गेले. मयताच्या घरी जाऊन, हात हातात घेऊन दोन शब्द बोलल्याशिवाय तिथे कुणाला अन्न गोड लागत नाही. दाराला कडी घालावी, तर दिवसा कडी कशाला, असे आईने लगेच विचारले असते.

“मोयाचा फोन आला का गं?”

“कुठला येतोय! नाटक चालू आहे तिचं.”

“मोठं आहे?”

“हाउसफुल्ल जातंय म्हणे.”

“हं,” म्हातारी म्हणाली. “जा, जळण घेऊन ये. विस्तव मंदावला.”

मोया परसातून जळणाची टोपली घेऊन मागच्या दाराशी परतली, तर समोरच्या उघड्या दारातून पॅकीची टेकवलेली सायकल दिसली. शेजारचा पॅकी महिनाभर स्कॉटलंडला लेकीकडे होता. डिम्पना गेल्याची आणि मोया लंडनहून आल्याची बातमी त्याला तिथे कळली होती, मोयाची विनवणी नव्हती.

ती मागच्या दाराआड थिजली.

“नोराकाकू, फार वाईट झालं हो,” आत पॅकी हुंदका देत होता. “आपली डिम्पना अशी अचानक...”

झाले. मोयाने डोळे गच्च मिटले. आता आई कोसळणार. आत खुर्ची करकरली.

“हळू बोल, मेल्या! मोया येईल इतक्यात. मला कळू नये म्हणून डिम्पना होऊन वावरतेय ती,” आईचा आवाज आला. “रेडिओवर बातम्यांनंतर गेलेल्यांची नावं वाचतात ना, त्यातच कळलं मला. त्याच दिवशी. पोटभर रडून झालंय माझं.”

“मग कळलंच नाही असं सोंग कशाला, काकू? तिकडे लंडनचं नाटक टाकून आलीय ती...”

“कसलं नाटक, पॅकी! सहा वर्षं झाली, माझ्या मोयाला कुणी कामच दिलेलं नाही.”