सुलतान बाजारातला जुना गेम

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

माझ्या नातीनं, रसिकानं, सुलतान बाजारातून वीस वर्षं जुना गेम आणला. तलवारी, जादू, राक्षस, सगळं त्यात. नाही पटला तर संध्याकाळपर्यंत परत करायचा, असं दुकानदार म्हणाला होता.

"आजी, ग्राफिक्स एकदम बकवास. असले जुने गेम घ्यायलाच नक्को. परत करते."

"थांब गं, त्याला जेवू तर दे," मी म्हणाले. गेममधला योद्धा नुकताच खाणावळीत शिरला होता.

तो बाकावर बसला. डाव्या हातानं ताटाभोवती पाणी फिरवलं, चार घास बाजूला काढून ठेवले आणि मगच जेवायला लागला.

रसिकानं हात वर केले. "मी काहीच दाबलं नाही, आजी."

तिचे आजोबा डावखुरे होते. जेवणाआधी अस्संच करायचे, डाव्या हातानं. सासूबाई शेवटपर्यंत ओरडत राहिल्या. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली.

"ठेवू या गं हा गेम," मी म्हणाले.

"नक्को! भीती वाटते मला." तिनं बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात त्यानं माझ्याकडं बघून "येतो" म्हटलं.

हे "येतो" तेवढं मी पदरचं घातलं. तो बोलला काहीच नाही. बाकावर जरासा सरकला आणि माझ्यापुरती जागा केली.