हळू आवाजाचा उमेदवार

धाडच्या नौशादला गावातल्या वाचनालयात नोकरी लागली. पण हे आपल्याला अजून माहीतच नाही असं समजू, कारण मुलाखतीला जाताना त्यालाही खात्री नव्हती. आधी तो जीपसाठी प्रवासी गोळा करायचा. "बुलढाणा, बुलढाणा" असं तो इतक्या हळू कुजबुजायचा की लोकांना ते गुपित वाटायचं आणि जीप रिकामीच सुटायची. मग आठवडी बाजारात कांदे विकायला बसला, तर शेजारणीचे कांदे खपले.

वाचनालयाचे अध्यक्ष शंकरराव म्हणाले, "दोन्ही कामं काऊन सुटली बे?"

"आवाजच नाही निघत, काका."

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. शंकररावांनी टेबलावर झुकून कान पुढे केला. हेही काम गेलं, असं नौशादने गृहीतच धरलं. शंकररावांनी मात्र मागे वळून पाहिलं. पेपर वाचणाऱ्या एकाचीही मान वर झाली नव्हती.

"उद्यापासून येजो बे!" ते ओरडले. सगळ्या माना वर झाल्या.

"काका, हळू," नौशाद म्हणाला, आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. तोही कुणाला ऐकू गेला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला: 'वाचनालयासमोरील आठवडी बाजार यापुढे कुजबुजत भरविण्यात यावा, ही नम्र विनंती.'